सुटलेली साखळी

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी, पांढुरक्या नायलॉनचे एक दंतचक्र पडलेले असते. आकाराने रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. त्याच्या पाठीवर समोरासमोर दोन लोखंडी वजने बारीक खिळींवर बसवलेली आहेत. चक्र बोटाने गरकन फिरवले, की ती वजने पंख उघडावेत तशी बाहेर फाकतात; चक्र थांबले की पुन्हा मिटतात. घरी येणारी मुले ते खेळणे समजतात. गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या शेजारच्या वहिनींनी ते उचलून न्याहाळले आणि म्हणाल्या, "भावजी, हे चकलीच्या सोऱ्यातले तर नव्हे? आमच्या सोऱ्याचा असाच एक तुकडा सापडत नाहीये." मी हसून ते त्यांच्या हातातून घेतले आणि विषय बदलला.

ते सोऱ्यातले नव्हे. एका लहानशा पेट्रोल इंजिनाचा तो गव्हर्नर आहे. तो माझ्या टेबलावर कसा आला हे सांगावयाचे तर माझी एक चूक सांगावी लागते, म्हणून दोन वर्षे मी विषय बदलत आलो. दिवाळीच्या अंकात माणसाने गोडधोड लिहावे असा संकेत आहे. पण वर्षभरात निवांतपणे बसून कोणी आपले ऐकून घेईल असे दिवसही हेच असतात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रांतले मला काही कळत नाही असे माझे घरचे म्हणतात, आणि मिक्सरचे झाकण बसवण्याच्या बाबतीत ते खरेही आहे. तेव्हा २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे इंजिनाचे काम घेऊन आला, याचे घरात सर्वांनाच नवल वाटले. त्याला माझे यंत्रज्ञान नको होते. माझी सरळ रेघ हवी होती. लेथवाल्याने त्याला सांगितले होते, "ड्रॉइंग आण, मग दांडा कातून देतो. हवेत हात फिरवून मापे सांगू नकोस."

मुलाची योजना अशी होती. त्याच्या वडिलांच्या आंब्याच्या कलमांवर औषध फवारण्याचा पंप होता. पंपाला सुमारे ऐंशी सी.सी.चे चार स्ट्रोकचे इंजिन. मोहोराच्या फवारण्या डिसेंबरात सुरू व्हायच्या, तोपर्यंत ते इंजिन गोठ्याशेजारी पोत्याखाली झाकून पडलेले असे. ते सोडवून घ्यायचे, आजोबांच्या जुन्या काळ्या सायकलीवर कॅरिअरच्या जागी लोखंडी चौकट जोडून तिच्यावर बसवायचे, आणि सड्यावर गाडी पळवायची. वडिलांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर: "दिवाळी होईस्तोवर खेळ. डिसेंबरात पंप मला जागेवर पाहिजे." दुसरी अट मी घातली, की डांबरी रस्त्यावर ही गाडी एक वीतही जाणार नाही. त्याचे पंधरावे वर्ष चालू होते. त्या वयाला आणि त्या इंजिनाला कायद्याने रस्ता बंद होता, आणि आमच्या रस्त्याची वळणे मला ठाऊक होती.

त्या चार दिवसांइतके रंगून मी फार दिवसांत काही काढले नव्हते. इंजिनाच्या क्लचवर दहा दातांचे चक्र. तिथून मधल्या एका दांड्यावर चाळीस दातांचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंधरा दातांचे, आणि मागच्या चाकाला पंचेचाळीस दातांचे. चार गुणिले तीन, म्हणजे इंजिनाच्या बारा फेऱ्यांना चाकाची एक फेरी. घरातल्या फळ्यावर आम्ही हिशेब मांडला. असली पंपाची, जनित्राची इंजिने मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांच्या आसपास आवरून धरलेली असतात. भागिले बारा, म्हणजे चाकाच्या ३००. चाकाचा परीघ २.२ मीटर. मिनिटाला ६६० मीटर. तासाला ४० किलोमीटरांना जरा कमी. मुलाने तो आकडा दोनदा अधोरेखित केला. मला मात्र त्या मधल्या दांड्याचे सौंदर्य वाटत होते. कोणाच्या तरी घाईला कोणाच्या तरी सावकाशीशी जुळवून देणारा असा एक मधला दांडा प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात आई होती.

कामाला रंग चढावा म्हणून मी त्याला एक गोष्टही सांगितली. गोष्ट खरी आहे. १९४६ साली, युद्धात हरलेल्या जपानात, सोइचिरो होंडा नावाच्या गृहस्थांच्या हाती एक छोटे इंजिन आले. लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्राला वीज पुरवण्यासाठी बनवलेले, आणि आता निरुपयोगी होऊन पडलेले. गाड्यांना चेंगराचेंगरी, पेट्रोलची टंचाई, आणि लोक सायकली मारीत खेड्यांत तांदूळ शोधत फिरत होते. या गृहस्थांनी ते इंजिन सायकलीला जोडले. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी काय वापरले असेल? थंडीत अंथरूण ऊबदार ठेवण्यासाठी घरोघर असते ते गरम पाण्याचे भांडे! असली सुमारे पाचशे जुनी इंजिने मिळवून त्यांनी ती सुधारून विकली, आणि ती संपल्यावर, १९४७ साली, स्वतःचे इंजिन बनवले. पुढचे सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभ बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासूनच झाला होता. मुलगा तोंड उघडे टाकून ऐकत होता. कादंबरीकाराला असा श्रोता मिळाला की त्याचे भान सुटते. मी त्या भांड्याचे वर्णन जरा लांबवलेच.

पाडव्याच्या दिवशी गाडी सड्यावर उतरली. ज्यांनी कोकणातला सडा पाहिलेला नाही त्यांना सांगतो: जांभ्या दगडाचे ते उघडे, सपाट पठार असते, पावसाळ्यात फुलांनी भरते आणि दिवाळीपर्यंत गवत पिवळे पडून नुसता कातळ उरतो. गाडी फटफटत गेली. गावातली पोरे मागून धावली. मीही धावलो, हे माझ्या वयाला शोभले नाही. मुलगा दोन फेऱ्या मारून परत आला तेव्हा त्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता. पण तिसऱ्या दिवशी तोच चेहरा जरा आंबट झाला.

"सर, वेग येतो आणि मग कोणीतरी मागून कॅरिअर धरून ठेवल्यासारखे वाटते. अजून जोर आहे त्याच्यात. आवाजावरून कळते. पण ते देत नाही."

"कोण देत नाही?"

"गव्हर्नर."

राजभवनातल्या राज्यपालांना इंग्रजीत जे नाव आहे तेच या चक्राचेही, आणि नावाचे मूळ दोघांचे एकच आहे: नौकेचे सुकाणू धरणारा, या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते लॅटिनमधून आले. आपल्याकडचा 'कर्णधार' हा शब्द तंतोतंत तोच अर्थ सांगतो. कर्ण म्हणजे सुकाणू. जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले; त्याआधी पवनचक्क्यांत, पिठाच्या जात्यांवर ती युक्ती वापरात होतीच. ऐंशी वर्षांनी, १८६८ मध्ये, मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने या गव्हर्नरांच्या गणितावर निबंध लिहिला. इतक्या मोठ्या कुळाचा हा वंशज आमच्या फवारणीच्या पंपात नायलॉनचे दात घेऊन बसला होता. त्याचे काम साधे आहे. इंजिनाचा वेग वाढला की वजने फाकतात आणि एका दांडीला ढकलतात. ती दांडी कार्ब्युरेटरची झडप मिटवते. वेग उतरला की वजने मिटतात, आणि बाहेरची एक स्प्रिंग ती झडप पुन्हा उघडते.

मुलगा म्हणाला, "सर, ते इंजिनाचे स्वतःचे थोडेच असते? कंपनीने बसवलेले असते. काढून टाकू का?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक शब्दाचे उत्तर होते. मला यंत्रातले कळत नव्हते, पण एवढे कळत होते, की ज्याने ते इंजिन घडवले त्याने ते चक्र आत उगाच बसवलेले नाही. सायकलीचे ब्रेकही माझ्या डोळ्यांसमोर होते: रबराचे दोन तुकडे, लोखंडी रिमवर दांडीने ओढून दाबायचे, ताशी पंधरा-वीसच्या सायकलीसाठी केलेले. आणि इंजिन वडिलांचे होते. तरी मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "तुला काय वाटते?"

शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य फार शोभते. प्रशिक्षणवर्गांत ते आम्हाला आवर्जून शिकवतात. मुलांना विचार करू द्या, उत्तरे हातात ठेवू नका. वाक्य खोटे नाही. जिथे प्रश्न खरोखर मुलाचा असतो तिथे त्याच्यासारखे चांगले वाक्य नाही. पण त्या संध्याकाळी मी ते का वापरले हे मला पुरते ठाऊक आहे. 'नको' म्हणालो असतो तर त्याच्या डोळ्यांतला तो जपानी गृहस्थ मावळला असता, आणि मीही त्याच्याबरोबर उतरलो असतो. 'हो' म्हणालो असतो तर जबाबदारी माझी झाली असती. 'तुला काय वाटते' म्हटल्याने दोन्ही टळले. आणखी एक गोष्ट होती, जी लिहिताना मला संकोच वाटतो. पुढे काय होते ते मला पाहायचे होते. गोष्टीच्या नायकाने धोक्याच्या दाराशी हात नेला की लेखकाच्या मनात जे काही हलते, ते माझ्या मनात हलले. कागदावर ते निरुपद्रवी असते.

त्याने दुसऱ्या दिवशी इंजिनाचे पोट उघडले, आतले चक्र काढले, भोक बुजवले आणि थ्रॉटलची तार थेट हँडलला आणली. त्या बदलाचेही ड्रॉइंग मीच काढून दिले. पंपावरचाच थ्रॉटलचा खटका त्याने हँडलवर बसवला होता. तो ठेवू तिथे राहतो. पंपाला तेच सोयीचे असते. मोटारसायकलीची मूठ सोडली की स्प्रिंगने आपोआप मिटते, तसे याला काही नव्हते. माझ्या त्या नकाशात खटक्याची पितळी घुंडी इतकी सुरेख उतरली होती, की मी तिला छाया दिली. स्प्रिंग मात्र काढली नाही; कारण ती असावी लागते हे मला सुचले नाही, आणि ज्याला सुचले असते अशा कोणाला मी विचारले नाही.

शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारी तो वेगाने सडा ओलांडून गेला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. उंच, कापरा, कानात शिरणारा. मी उभा होतो तिथून तीनशे पावलांवर मागच्या चाकाची साखळी सुटली.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण पुढच्या क्षणाचे मर्म मला त्यानंतर कित्येक दिवसांनी उमगले. आमच्या गावच्या मिस्त्रीने ते फुटलेले इंजिन हातात घेऊन मला समजावून दिले. इंजिन ज्या वेळी गाडी ओढत होते, चढ चढत होते, त्या वेळी गव्हर्नर नसूनही ते शाबूत होते. मुलाचे वजन, सायकलीचे वजन, वारा, कातळावरचा खडबडीतपणा, हे सगळे त्याला आवरून होते. साखळी सुटली, आणि एका क्षणात त्याच्यावरचे सगळे ओझे उतरले. झडप उघडी, ओझे शून्य, आणि आत सांभाळणारे कोणी नाही. असे इंजिन दोन-तीन सेकंदांत कुठल्या कुठे जाते. पिस्टनला वर-खाली नेणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाबरोबर वाढत नाही, वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. वेग दुप्पट, तर ताण चौपट. असल्या इंजिनातला रॉड अॅल्युमिनियमचा असतो, आणि त्याला तेल मिळते ते त्याच्याच टोकावरच्या चमच्याने तळातले तेल उडवून. ३,६०० फेऱ्यांसाठी घडवलेला तो गरीब जीव. तो तुटला, आणि तुटलेले टोक इंजिनाची भिंत फोडून बाहेर आले.

"ओझ्याने नाही फुटला सर," मिस्त्री म्हणाला. "ओझा उतरला म्हणून फुटला."

मुलगा कातळावर पडला. कोपर, गुडघा सोलवटले. उकळते तेल पोटरीवर उडाले. मी तिथे पोचलो तेव्हा तो रडत नव्हता. उठून बसला होता आणि इंजिनाच्या भोकातून बाहेर आलेल्या त्या वाकड्या रॉडकडे पाहत होता. "आप्पा मारतील," एवढेच म्हणाला. पोटरी महिनाभराने भरून आली. डाग राहिला आहे.

नियमन बाहेरचे आणि संयम आतला, असे आपण सरसकट म्हणतो, आणि आतल्याला चढते माप देतो. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्याला हा भेद फार सोयीचा असतो. पण त्या चक्राचे ठिकाण पाहा. ते बाहेर नव्हते. इंजिनाच्या पोटात, तेलात बुडून फिरत होते. आणि तरी ते दुसऱ्याने बसवलेले होते. 'ते इंजिनाचे स्वतःचे थोडेच असते?' हा मुलाचा प्रश्न मला त्या वेळी बिनतोड वाटला होता. उत्तर सुचले ते एका रात्री, दिवा मालवल्यावर: बाबा रे, पिस्टन तरी इंजिनाचा स्वतःचा कुठे असतो? रॉड कंपनीचा, झडपा कंपनीच्या, ठिणगी कंपनीची. ज्याला तू इंजिनाचा जोर म्हणतोस तोही बसवलेलाच. मग एकट्या आवरणाऱ्यालाच परका का ठरवायचे? आपल्यातही पुष्कळ काही असे बसवलेले असते. आईने, आजीने, कोण्या मास्तरांनी. आपले धाडस, आपली हौस, आपली जीभ ही आपण आपली म्हणून मिरवतो. आणि हात आखडायला लावणारे जे काही असते त्याला मात्र 'संस्कारांचे ओझे' म्हणतो.

त्या चक्राबद्दल आणखीही एक अन्याय आम्ही केला होता. ते फक्त मागे ओढते, असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पंपावर, फवारणीची बंदूक उघडली, इंजिनावर भार आला आणि ते दमू लागले, की झडप उघडून त्याला जास्त श्वास देण्याचे कामही तेच करते. कलमाखाली उभ्या असलेल्या माणसाला इंजिनाकडे वळून पाहावे लागत नाही. माझे वडील आम्हा भावंडांना आवरत असत हे मला लख्ख आठवते; परीक्षेच्या पहाटे तेच उठून कंदील पुसून ठेवत, हे आठवायला मला चाळिशी गाठावी लागली.

पण मिस्त्रीचे वाक्य माझ्या मनातून जात नव्हते, कारण ते मी पूर्वी एकदा, वेगळ्या शब्दांत, ऐकलेले होते. माझे थोरले काका एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षांहून अधिक नोकरी. घाटातली रात्रपाळी, पावसाळ्यातल्या दरडी, मागे पन्नास माणसे झोपलेली. या सबंध काळात त्यांनी दारूला हात लावला नाही. सगळ्या गावाला त्यांचा दाखला देत. निवृत्त झाले, आणि वर्षाच्या आत ते संध्याकाळी घरी सरळ चालत येईनासे झाले. 'संगत वाईट लागली' असे काकू म्हणत. संगत होती ती नोकरीतही होती. मला आता वाटते, की मागे झोपलेली ती पन्नास माणसे काकांना धरून होती. आम्ही तो त्यांचा संयम समजलो. कदाचित तेही तसेच समजले. ओझे वाहताना माणूस मोडेल म्हणून आपण काळजी करतो, त्याच्या पाठीवर हात ठेवतो. ओझे उतरले, की त्याला नारळ आणि शाल देऊन घरी पाठवतो आणि निश्चिंत होतो.

याला माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप आहे. ते विज्ञान शिकवतात आणि मला कादंबरीकार म्हणून फारसे मानत नाहीत. ते म्हणाले, "तुमचा तो होंडा तुम्हाला भेटला असता तर तुम्ही त्यालाही 'नको' म्हणाला असता. मुलाच्या हाताखालची एक वस्तू फुटली म्हणून तुम्ही आता जगातले सगळे गव्हर्नर डोक्यावर घेऊन नाचणार." आक्षेप वजनदार आहे. ज्याचे त्याने उघडून पाहिले नाही, मोडून पाहिले नाही, तो कारागीर होत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीतली ऐंशी पाने संपादकांनी कापली होती. ती आपण कापू दिली नसती तर, हा विचार अजून मला पहाटे जागा करतो. सगळीच मर्यादा शहाणी नसते. पण होंडांचे एक मी मुलाला सांगितलेच नव्हते, कारण गोष्टीत ते रंगतदार दिसत नाही: ते आधी वर्षानुवर्षे मोटारी दुरुस्त करीत होते आणि पिस्टनच्या कड्या बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. कोणता तुकडा काय धरून ठेवतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. ज्याला ते ठाऊक आहे तो गव्हर्नर काढतो तेव्हा त्याचे काम स्वतःच्या हातात घेतो. आमच्या गाडीवर ते काम कोणाच्याच हातात नव्हते. मुलाच्या नाही, कारण त्याला ते काम आहे हेच माहीत नव्हते; माझ्या नाही, कारण मी ते 'तुला काय वाटते' म्हणून खाली ठेवले होते.

सहकाऱ्यांनी यावर मान हलवली. पटल्याची की नाही ते मला कळले नाही.

वडिलांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. अंगणात खळे सारवून झाले होते. मी खिशात चौदा हजार रुपये नेले होते. नव्या इंजिनाची किंमत बाजारात विचारून. त्यांनी चहा मागवला. मी झाले ते सगळे सांगितले, माझ्या त्या वाक्यासकट. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"इंजिन काय सर, लोखंड ते. पोराचा पाय वाचला." मग म्हणाले, "तुम्ही नको बोलला असतात, तर ऐकला असता त्याने. माझा नाही ऐकणार. तुमचा ऐकला असता."

मी पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजले, बरोबर अर्धे काढून ठेवले आणि अर्धे मला परत दिले.

"हे कशाला? सगळे घ्या."

"नाय. अर्धा तुमचा, अर्धा त्याचा. त्याचा तुम्ही भरलात तर मग त्याला काय कळला?"

चांगल्या न्यायाधीशाकडूनही मला यापेक्षा नेमका निवाडा मिळाला नसता. त्यांनी मला सोडूनही दिले नाही आणि सगळा गुन्हा माझ्या नावावर लिहून मला मोठेपणाही घेऊ दिला नाही. पश्चात्तापातही एक बढाई असते; सगळा दोष आपल्याकडे घेणाऱ्या माणसाला आपण केवढे मोठे आहोत असे वाटत असते. ती सात हजारांची घडी खिशात घालून परत येताना मला जेवढे लहान वाटले तेवढेच ते योग्य होते.

त्या डिसेंबरात मुलाने शाळा सुटल्यावर आणि रविवारी हाताने दांडा मारायच्या जुन्या पंपाने कलमे फवारली. पोटरीला फडके बांधून. जानेवारीत नवे इंजिन आले. ते बसवताना त्याने वडिलांना आतल्या चक्राचे काम समजावून दिले म्हणे. जुने चक्र त्याने मला आणून दिले. काही बोलला नाही, पेनांच्या डब्याशेजारी ठेवून गेला.

आता तो दहावी होऊन आय.टी.आय.त जातो. परवा, वसुबारसेच्या संध्याकाळी, तो पुन्हा आला. तीच काळी सायकल, आणि पिशवीत गवत कापण्याच्या यंत्राचे एक जुने इंजिन. "पंचवीस सी.सी. आहे सर," तो घाईघाईने म्हणाला; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, चारांपेक्षा कमी चाके असलेले आणि पंचवीस सी.सी.पर्यंतचे इंजिन बसवलेले वाहन मोटार वाहन धरलेले नाही, हे त्याने आता वाचून काढले आहे. "ड्रॉइंग पाहिजे होते."

मी कागद ताणून बसवला. आधी खटक्याची स्प्रिंग काढली, एकेक वेढा मोजून. तो हसला. मग मी त्याला सायकल अंगणात उलटी करायला लावली आणि ब्रेक दाबून पाहिला. रबरे झिजून लोखंड रिमला लागत होते.

"आज सड्यावर नेऊन बघू का? नुसते एकदा?" त्याने विचारले.

"नको," मी म्हणालो.

"बरे," तो म्हणाला, ताटातल्या दोन चकल्या उचलल्या, आणि दुकान बंद व्हायच्या आत रबरे आणायला बाजारात निघून गेला.